पत्ता कंपनीचा, टपाल आपले

या वेळी एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत: घरी इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून मिळालेला ईमेल पत्ता. पत्रे इंदूरचीच आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या टेलिफोन लाइनवरचं ब्रॉडबँड आहे. त्याच्यासोबत मिळालेला ईमेल पत्ता बँक, पेन्शन, म्युच्युअल फंड, सगळीकडे दिलाय. आता केबलवाल्याकडून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतोय. त्याचा मुलगा म्हणतो, "काका, आयडी चालूच राहतो, मोबाइल नंबर पोर्ट होतो तसा." खरं आहे का? – निवृत्त कर्मचारी, रामबाग

उत्तर : नाही. मोबाइल नंबर पोर्ट होतो तो सरकारी नियमामुळे. देशभर ती सोय २० जानेवारी २०११ पासून आहे. ईमेलला असा नियम नाही. पत्त्यात 'अ‍ॅट'च्या पुढचे नाव कंपनीच्या मालकीचे असते. तुम्हाला मेल पाठवणारा सर्व्हर त्या नावाची एमएक्स नोंद बघतो, आणि ती नोंद त्याला कंपनीच्याच मशीनकडे धाडते. केबलवाल्याचा हात तिथवर पोहोचत नाही. कनेक्शन सुटले की तो पत्ता किती दिवस जिवंत ठेवायचा, हे सर्वस्वी जुनी कंपनी ठरवते. काही जण महिनाभर ठेवतात, काही त्याच दिवशी बंद करतात.

म्हणून फायबर खुशाल घ्या, पण जुनी लाइन लगेच सोडू नका. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात: आधी कनेक्शन तोडतात आणि मग पत्ते बदलायला बसतात. बऱ्याच ठिकाणी पत्ता बदलण्याचा ओटीपी किंवा लिंक आधी जुन्या पत्त्यावर जाते. तो बंद असेल तर पुढचे पाऊल पडत नाही.

पहिले काम, कोणत्याही इंटरनेट कंपनीशी न बांधलेला नवा पत्ता. जीमेल, आउटलुक, काहीही चालेल. त्याला दुहेरी पडताळणी लावा. गुगल दहा बॅकअप कोड देते, ते छापून पासबुकांच्या फाइलीत ठेवा. आणि या नव्या खात्याचा रिकव्हरी पत्ता म्हणून जुना पत्ता टाकू नका. ही चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगावी लागते. मुलाचा किंवा सुनेचा पत्ता टाका.

मग पैशाची ठिकाणे. बँक सगळ्यांत आधी, त्यानंतर आयकराचे पोर्टल. तिथे 'माय प्रोफाइल'मध्ये संपर्काचा तपशील बदलला की नव्या मोबाइलवर आणि नव्या ईमेलवर ओटीपी येतात. तिथे मुख्य पत्ता तुमचाच आहे ना, तेही बघून घ्या. अनेकांच्या खात्यात वर्षानुवर्षे सीएच्या ऑफिसचा पत्ता असतो, आणि नोटिसा तिकडेच जात राहतात.

म्युच्युअल फंडांत घोळ हमखास होतो. फंड कंपन्यांच्या नोंदी कॅम्स आणि केफिनटेक या दोन रजिस्ट्रारकडे वाटलेल्या आहेत. एकीकडे बदल केला म्हणजे दुसरीकडे होतो असे नाही. दोघांनी मिळून चालवलेल्या एमएफसेंट्रल या संकेतस्थळावर हे काम एका जागी करता येते. ईमेलवर मागवायचे एकत्रित स्टेटमेंट पत्त्याच्या आधारे निघते. निम्म्या फोलिओंवर जुना आणि निम्म्यांवर नवा पत्ता राहिला, तर स्टेटमेंट अर्धेच येईल आणि तुम्हाला वाटेल, फंड गेले कुठे. डीमॅट खाते वेगळे; तिथे ब्रोकरकडून बदल करून घ्यावा लागतो.

पेन्शन, विमा, आयआरसीटीसी, गॅस, वीज कंपनी, नगर निगमचा संपत्तिकर हे त्यानंतर. नातेवाईक सर्वांत शेवटी. त्यांच्याकडे तुमचा फोन नंबर आहेच.

कुठे कुठे पत्ता दिला होता, हे आठवून यादी पुरी होत नाही. जुन्या मेलबॉक्समध्ये मेल तारखेऐवजी पाठवणाऱ्याच्या नावाने लावा. शंभर मेल पाठवणारी बँक तिथे एका ठिकाणी गोळा होते आणि वर्षातून एकदाच येणारा विमाही नजरेस पडतो. मग स्टेटमेंट, रिन्यूअल, पॉलिसी, व्हेरिफाय हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा.

जुनी लाइन किती दिवस ठेवावी? जमले तर पूर्ण वर्ष. वर्षातून एकदाच येणारे मेल निसटतात: विम्याचे नूतनीकरण, रिटर्न तपासून झाल्याची सूचना, लॉकरचे भाडे. वर्ष परवडत नसेल तर तीन-चार महिने ठेवा, आणि त्यात मार्च येऊ द्या. कंपनीला सर्वांत स्वस्त प्लॅनवर उतरवायला सांगा. लाइन 'सेफ कस्टडी'त, म्हणजे नंबर राखून तात्पुरती बंद, ठेवण्याची सोय काही ठिकाणी असते, पण त्या काळात मेलबॉक्स चालू राहतो का, ते लेखी विचारा. काउंटरवरच्या माणसाला बहुधा ठाऊक नसते.

प्रश्न : मेल येतो, पण जात नाही. फक्त पुण्याला मुलाकडे गेल्यावर असं होतं. इंदूरला परत आलं की सगळं ठीक. – गृहिणी, तिलक नगर

उत्तर : बिघाड तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही. मेल घेण्याचा आणि पाठवण्याचा रस्ता वेगळा असतो. घेताना पासवर्ड विचारला जातो, म्हणून तो कुठूनही चालतो. पाठवताना मात्र बऱ्याच जुन्या सेटिंगमध्ये कंपनी पासवर्ड विचारतच नाही. मागणी आपल्याच नेटवर्कवरून आली आहे, एवढेच बघते. मुलाच्या घरी दुसऱ्या कंपनीचे नेट आहे, तेव्हा तुमचा सर्व्हर तुम्हाला परका समजतो. शिवाय स्पॅम रोखण्यासाठी बऱ्याच कंपन्या घरगुती जोडणीवरून पोर्ट २५, म्हणजे मेल पाठवण्याचे जुने दार, बंदच ठेवतात.

लॅपटॉपवरच्या आउटलुक किंवा थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये जाणारा सर्व्हर, म्हणजे एसएमटीपी, उघडा. पोर्ट २५ असेल तर ५८७ करा आणि सुरक्षा 'स्टार्टटीएलएस' ठेवा. ते नाही चालले तर ४६५ आणि 'एसएसएल'. जाणाऱ्या सर्व्हरला पासवर्ड लागतो, या अर्थाची खूण असते, ती करा. युजरनेम म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण पत्ता लागतो, नुसते सुरुवातीचे नाव नाही. कंपनीकडे ही सोयच नसेल, तर प्रवासात ब्राउझरमधून वेबमेल वापरा.

एक पळवाट कोणीतरी सुचवेल: जीमेलच्या सर्व्हरवरून पाठवा आणि 'फ्रॉम'मध्ये जुना पत्ता ठेवा. करू नका. समोरचा सर्व्हर एसपीएफ नोंद तपासतो; त्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी जीमेलला नाही असे दिसले की मेल स्पॅममध्ये पडतो किंवा परत येतो.

प्रश्न : जुने सगळे मेल आणि फोटो नव्या जीमेलमध्ये कसे न्यावेत? दुकानदार म्हणतो, लॅपटॉप ठेवून जा. – शिक्षिका, लोकमान्य नगर

उत्तर : लॅपटॉप ठेवून जाऊ नका. पासवर्डसकट सगळे त्याच्या हाती जाते, आणि काम घरी होण्यासारखे आहे.

आधी एक तपासणी. जुना पत्ता लॅपटॉपवर पॉप पद्धतीने लावला आहे की आयमॅप? सेटिंगमध्ये येणाऱ्या सर्व्हरचे पोर्ट ११० किंवा ९९५ असेल तर पॉप, १४३ किंवा ९९३ असेल तर आयमॅप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर असतात, लॅपटॉपवर फक्त त्यांची प्रत. पॉपमध्ये मेल लॅपटॉपवर उतरतात आणि सर्व्हरवरून पुसलेही जातात. आउटलुकमध्ये सहसा सर्व्हरवर प्रत ठेवण्याची १४ दिवसांची मुदत टाकलेली असते. म्हणजे वेबमेलमध्ये दोन आठवड्यांचेच मेल दिसले तर घाबरू नका. बाकीचे त्या एका लॅपटॉपच्या डिस्कवर आहेत, आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. अशा वेळी सर्वप्रथम त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढा. आउटलुकमध्ये तिचे नाव पीएसटीने संपते. थंडरबर्डमध्ये पूर्ण प्रोफाइल फोल्डर उचला. प्रत काढताना प्रोग्रॅम बंद हवा, नाहीतर फाइल अर्धवट उतरते.

नेण्यासाठी थंडरबर्ड फुकट मिळतो. त्यात जुने खाते लावा, मग जीमेल लावा. जीमेल ब्राउझरसारखी खिडकी उघडून लॉगिन मागेल, ते बरोबर आहे. जुने पॉपचे मेल आउटलुकमध्ये असतील, तर संगणकावरच्या जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्येच जीमेल आयमॅपने जोडून तिथून मेल जीमेलमध्ये न्या.

मेल निवडून उजव्या बटणाने 'कॉपी टू' करा, 'मूव्ह टू' नको. मूव्हमध्ये मध्येच नेट गेले तर कुठले पोहोचले आणि कुठले नाही, हे शोधत बसावे लागते. एका वेळी दोन-तीनशे मेल घ्या. जीमेल आयमॅपने दिवसाला सुमारे ५०० एमबीच चढवू देते. त्यापुढे खाते काही काळ अडते. दहा वर्षांचे फोटोंचे मेल असतील तर हे काम आठवडाभर चालेल, एका रविवारात उरकायला जाऊ नका. जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट मिळून आहे, तेव्हा आधी हिशेब बघा. लग्नाचे अल्बम मेलमध्ये ठेवण्यापेक्षा हार्ड डिस्कवर उतरवलेले बरे.

काही मेल उघडल्यावर रिकामे निघाले, तर पॉपमध्ये नुसती शीर्षके उतरवण्याची खूण असेल. ती काढा आणि पुन्हा उतरवा. 'सेंट' फोल्डर विसरू नका. पॉपमध्ये पाठवलेले मेलही लॅपटॉपवरच असतात.

अ‍ॅड्रेस बुक वेगळी न्यावी लागते. तिची सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची, फाइल काढा, जीमेलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट करा. नावे देवनागरीत असतील आणि मध्ये एक्सेलमध्ये फाइल उघडली असेल, तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. नाहीतर सगळ्या मावश्या-आत्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

प्रश्न : सियागंजात आमची पेढी आहे. बिलबुकावर, बोर्डावर, जीएसटीत, सगळीकडे इंटरनेट कंपनीचा पत्ता आहे. जीमेल घेऊ की स्वतःचं डोमेन? – व्यापारी

उत्तर : स्वतःचे डोमेन, म्हणजे 'अ‍ॅट'च्या पुढचे नाव तुमच्याच मालकीचे. घरगुती माणसाला आम्ही हा सल्ला सहसा देत नाही, पण बोर्डावर पत्ता रंगवणाऱ्या पेढीला देतो. डॉट इन नाव पेढीच्या नावावर घ्या. नाव तुमच्या ताब्यात असले की मेल सांभाळणारी कंपनी बदलली तरी एमएक्स नोंद बदलून काम भागते, पत्ता तोच राहतो.

फसगत दोन ठिकाणी होते. वेबसाइट बनवून देणारा मुलगा डोमेन स्वतःच्या नावाने नोंदवतो. बिल आणि लॉगिन तुमचे आहे हे पहिल्याच दिवशी बघा. दुसरे, त्या डोमेनच्या खात्याचा संपर्क पत्ता म्हणून त्याच डोमेनवरचा ईमेल देतात. नूतनीकरण चुकले की मेल बंद, आणि ते चुकल्याची सूचनाही त्याच बंद मेलवर. तिथे जीमेल द्या, नाव एकदम अनेक वर्षांसाठी घ्या. मेल खरोखर तुमच्याच नावाने निघाला याची खात्री देणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी सुरुवातीलाच करून घ्या, नाहीतर तुमची कोटेशने गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातील.

जीएसटीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा ईमेल बदलणे हा 'नॉन-कोअर' बदल आहे. पोर्टलवर नोंदणी दुरुस्तीत जाऊन नवा पत्ता टाका, ओटीपीने पडताळा, सहीसकट अर्ज सादर करा. अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावे लागत नाही. डिजिटल सही घेताना जुना पत्ता दिला असेल, तर पुढच्या नूतनीकरणाला नवा द्या.

प्रश्न : जुन्या कंपनीनं मेल नव्या पत्त्यावर फॉरवर्ड करून दिलेत. आता पुरे ना?

उत्तर : फॉरवर्ड त्याच खात्यावर टेकलेला आहे. खाते संपले की तोही संपला. त्यात बँकांचे काही मेल वाटेतच स्पॅम ठरतात, कारण ते मूळ सर्व्हरऐवजी दुसऱ्याच सर्व्हरकडून आलेले दिसतात. याचा खरा उपयोग वेगळा: फॉरवर्ड होऊन आलेला प्रत्येक मेल म्हणजे अजून पत्ता न बदललेले एक ठिकाण. जीमेलमध्ये फिल्टर लावून अशा मेलांना एक लेबल द्या. महिनाभर लेबल रिकामे राहिले की बरेचसे काम झाले.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते, तिच्याकडेही इंटरनेट कंपनीचा पत्ता आहे. तिकडे तरी हे सुरक्षित असेल ना?

उत्तर : तिकडे तर कंपन्याच यातून अंग काढून घेत आहेत. व्हेरायझनने २०१७ मध्ये आपली मेल सेवा बंद करून ग्राहकांना एओएलकडे पाठवले. कॉक्सने २०२४ मध्ये आपले मेल याहूकडे सोपवले. आपल्याकडच्या जुन्या लोकांना व्हीएसएनएलचे पत्ते आठवतील. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांना इंटरनेट देणारी तीच कंपनी. २००२ मध्ये ती टाटांकडे गेली, २००८ मध्ये तिचे नावही बदलले. मुलीलाही वेगळा पत्ता काढायला सांगा.

प्रश्न : कनेक्शन तोडून चार महिने झाले, पत्ता बंद आहे, आणि आता आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड आठवत नाही. – सुदामा नगर

उत्तर : आयकर पोर्टलवर नेट बँकिंगमधून जाता येते, आणि आधार पॅनशी जोडलेले असेल तर आधारच्या ओटीपीनेही. आत गेलात की आधी ईमेल बदला, मग बाकीचे. बँकेत शाखेत जाऊन केवायसी बदलाचा अर्ज द्या, सोबत पॅन आणि आधार न्या, पोच घ्या. विमा आणि डीमॅटचे अर्जही असेच कागदावर होतात. वेळ लागतो, पण होतात.

जुन्या कंपनीलाही लेखी विचारा की पत्ता दुसऱ्या कोणाला दिला आहे का. काही कंपन्या सुटलेले नाव काही काळाने नव्या ग्राहकाला देतात, आणि मग तुमच्या नावाचे पासवर्ड रीसेट त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. म्हणून ज्या दुकानांत, अ‍ॅपवर तो पत्ता आहे आणि कार्ड साठवलेले आहे, तिथून निदान कार्ड तरी आज काढून टाका. याच काळात "तुमचा मेलबॉक्स पुन्हा सुरू करा, इथे क्लिक करा" असे मेल किंवा मेसेज आले तर हात लावू नका. लावून झाला असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा आणि बँकेलाही कळवा.