दोन दीर्घिकांच्या विलीनीकरणातून भिंगाकार दीर्घिका (मधे फुगवटा, भोवती ताऱ्यांची तबकडी, पण सर्पिल भुजा नाहीत अशी) कशी घडते?

टक्करीत तारे सहसा आदळतच नाहीत, त्यांच्यातलं अंतर प्रचंड असतं. आदळतो तो वायू. वेग गमावून तो केंद्राकडे घसरतो, तिथे झपाट्याने नवे तारे जन्मतात आणि मधला फुगवटा वाढतो. ओढाताणीत सर्पिल भुजा विस्कटतात, तबकडी जाड होते. वायू संपला की भुजा पुन्हा उमटत नाहीत. कडेने पाहिलं तर मसुराचा दाणाच.

मला सगळ्यात थक्क करते ती कन्या या दीर्घिका-समूहातली एनजीसी ४५५० ही भिंगाकार दीर्घिका. १९९२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिच्या तबकडीतले साधारण निम्मे तारे एका दिशेने फिरतात आणि निम्मे बरोब्बर उलट! बाहेरून उलट फिरणारा वायू किंवा अख्खी दीर्घिकाच येऊन मिसळल्याशिवाय हे घडणं कठीण.

मात्र विलीनीकरण हा एकमेव मार्ग नाही. दाट समूहातून धावताना वायू खरवडला गेला, तरी सर्पिल दीर्घिका भिंगाकार होऊ शकते.