फोन बदलू, की सिम?

या वेळच्या पत्रांत निम्मी एकाच विषयाची आहेत: नवा फोन घ्यायचाय, सोबत कंपनीही बदलून टाकू का? एवढं आधीच सांगतो, दोन्ही एकाच दिवशी करू नका. मी केलं होतं. संध्याकाळी बोलताना आवाज तुटायला लागला. फोनवाला म्हणे सिम बघा, सिमवाला म्हणे सेट खराब आहे. आठवडाभर दोघांमध्ये हेलपाटे घातले.

बागेत कॉल लागत नाही, लागला तर तुटतो. फोन चार वर्षांचा आहे, तापतोही फार. दुकानदार म्हणतो, ५जी घ्या, रेंज वाढेल. घेऊ का? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

रेंजसाठी घेऊ नका. आपल्याकडचं बरंचसं ५जी साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतं. त्या डेटा भरपूर वाहून नेतात, पण लांब जात नाहीत आणि आडोसा आला की ढेपाळतात. केळीचं पान म्हणजे पाण्यानं भरलेला पडदा. घड लागलेल्या बागेत असे पडदे चारी बाजूंनी. तिथे जुनं ४जीच, त्यातही कमी फ्रिक्वेन्सीचं, जास्त कामाला येतं.

आधी हे करा. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला बांधावर बोलवा आणि सिमची अदलाबदल करा. एकाच जागी उभं राहून दोघांनी दोन-दोन कॉल लावायचे. तुमचं सिम त्याच्या फोनमध्येही रडलं, तर दोष कंपनीचा. त्याचं सिम त्याच्या फोनमध्ये नीट चालत होतं आणि तुमच्या फोनमध्ये गेल्यावर अडखळलं, तर दोष फोनचा. सिम काढलंच आहे तर ते पुसून घ्या, शेतातली धूळ तिथेही जाते. कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात, तेही बघा. पण नकाशाला तुमची बाग दिसत नाही.

तापण्याचं म्हणाल, तर ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य सांगते. आपला मे महिना त्या हिशोबातच बसत नाही. फोन ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा पंपाच्या पेटीवर ठेवू नका, आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका. लवकर गार व्हावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवणारेही मला भेटलेत. आत दव धरतं आणि फोन कायमचा गार होतो.

फोन तीन वर्षांचा. दुपारी तीनला बॅटरी संपते, हँगही होतो. ‘रेंज नही शे, चार्जिंग नही शे,’ म्हणून घरचे हसतात. नवा घेऊ? (शिक्षिका, साक्री)

घरच्यांना हसू द्या, बॅटरी बदला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बदला. कोपऱ्यावरची स्वस्त बॅटरी सहा महिन्यांत फुगलेली मी पाहिलीय. हँग होण्याचं कारण बहुधा भरलेलं स्टोरेज, म्हणजे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ. ते उडवा.

एक गोष्ट मात्र तपासा. सेटिंगमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती वर्षाहून जुनी असेल, नवी अपडेट येत नसेल आणि त्याच फोनवरून तुम्ही पैसे पाठवत असाल, तर बॅटरीवर खर्च करू नका. तेव्हा नवा फोन घ्या.

बदली अक्राणीत झाली. इथे एका खासगी कंपनीची रेंज पाड्यावर येते, पण घरात नाही. लोक म्हणतात बीएसएनएल घ्या. पोर्ट करू का, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू का? (ग्रामसेवक, धडगाव)

पोर्ट नको, दुसरं सिम घ्या. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झालं, पण तुमच्या डोंगरापलीकडच्या टॉवरवर ते पोहोचलं का, हे पाड्यावरच्या माणसालाच माहीत. सिम ४जीचंच मागून घ्या, आणि फोनच्या माहितीत बँड २८ आहे ना, हे पाहा. बीएसएनएल ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतं, बँड २८ म्हणजे त्याच. मुख्य नंबर आहे तिथेच राहू द्या. सातपुड्यात एकाच कंपनीवर विसंबणं मला तरी जमलेलं नाही.

पेन्शन, बँक, आधार सगळं एकाच नंबरावर. कंपनी बदलली तर ओटीपी बंद होतील का? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

नंबर तोच राहतो, त्यामुळे बँकेत किंवा आधारला काही कळवायची गरज नाही. १९००ला इंग्रजीत ‘पोर्ट’, मग जागा सोडून नंबर, असा मेसेज पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. महाराष्ट्र-गोव्यातल्या सिमला साधारण तीन कामकाजाचे दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर बिल चुकतं हवं. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस बुडतात, म्हणून संपत आल्यावरच हलवा.

सिम हरवून किंवा खराब होऊन नवं घेतलं असेल, तर पुढचे सात दिवस हा कोड मिळत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. आणि नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याच्या धावपळीत, हे काम काढूच नका.

फोन मध्येच गुजरात दाखवतो. पैसे कापले जातात का? कंपनी बदलू? (नवापूर)

तुमच्या रेल्वे स्टेशनचाच अर्धा भाग गुजरातेत आहे, फोनला काय दोष? हल्लीच्या अनलिमिटेड पॅकमध्ये देशातलं रोमिंग धरलेलं असतं. एवढ्यासाठी कंपनी बदलू नका.

ओळखीतून जुना ५जी फोन स्वस्तात मिळतोय. काय पाहू? (विद्यार्थी, अमळनेर)

*#०६# दाबा, पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. इंग्रजीत ‘केवायएम’, जागा, मग तो नंबर लिहून १४४२२ला मेसेज करा. ब्लॅकलिस्ट झालेला किंवा आधीच दुसरीकडे वापरात असलेला नंबर असेल तर उत्तरात तसं येतं. मग बिल मागा. देणारा ‘घरी राहिलंय’ म्हणाला, तर पैसेही घरीच राहू द्या.