फॉर्ममधून वेगवेगळी आलेली तारीख आणि वेळ जावास्क्रिप्टमध्ये एकत्र कशी करावी?

दोन्हींचे स्वतंत्र डेट ऑब्जेक्ट (तारीख-वेळ धरून ठेवणारी जावास्क्रिप्टची रचना) करून त्यांची बेरीज करावी का, असे आपण विचारले आहे. करू नये. ब्राउझर तारीख '२०२३-११-२०' अशी आणि वेळ '०४:००' अशी मजकूर म्हणूनच देतो. मध्ये इंग्रजी 'टी' हे अक्षर घालून दोन्ही मजकूर जोडावेत आणि मगच, एकदाच, डेट ऑब्जेक्ट तयार करावा. नुसती तारीख दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र समजते, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. हिंगणघाट तालुक्यातील एका शेतकरी कंपनीसाठी आम्ही कापसाच्या गाड्यांना टोकन देणारी वेबसाइट तयार करत होतो. जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) फाटकाबाहेर रात्रभर रांग लागू नये म्हणून शेतकऱ्याने मोबाइलवर तारीख आणि वेळ निवडायची होती. पहिली वेळ पहाटे ४ ची होती. शहरात बसणाऱ्या आमच्या प्रमुखांनी जोडलेल्या ऑब्जेक्टवर टूआयएसओस्ट्रिंग हे तारीख-वेळेचा मजकूर करून देणारे फंक्शन चालवून त्याची पहिली १० अक्षरे तारीख म्हणून साठवायला लावली आणि वेळ वेगळ्या रकान्यात तशीच ठेवली. मी तेव्हाच लेखी हरकत घेतली होती: ते फंक्शन नेहमी यूटीसीची तारीख देते, आणि आपली वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्यामुळे २० तारखेचे पहाटेचे ४ म्हणजे त्याच्या हिशेबी १९ तारखेचे रात्रीचे साडेदहा होतात. चाचणी सकाळी ११ च्या टोकनावर झाली, ती अर्थातच बरोबर आली. हंगामात मात्र पहाटेची सगळी टोकने आदल्या दिवसाची निघाली, आणि किरायाची गाडी करून थंडीत कापूस आणलेल्या माणसाला फाटकावर "तुमचं टोकन कालचं आहे" असे ऐकावे लागले. बैठकीत निष्कर्ष काढला गेला की शेतकऱ्यांना फॉर्म भरता येत नाही. कृषिपंपाची लाईन या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे ज्याला तोंडपाठ असते, त्याला १९ आणि २० यांतला फरक कळत नाही असे म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो निष्कर्ष मला आजही मान्य नाही.

म्हणून चाचणी नेहमी पहाटे साडेपाचच्या आतल्या वेळेवर करावी, आणि ती करण्याआधी वापरकर्त्याला दोष देऊ नये. जोडणी डेटाबेसमध्येच करायची असल्यास पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तारीख आणि वेळ अधिक चिन्हाने थेट जोडता येतात, मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प या फंक्शनला दोन्ही द्यावीत.

एक गोष्ट राहिली. 'टी' घालून जोडलेली वेळ, कोड ज्या यंत्रावर चालतो त्याच्या टाइमझोननुसार वाचली जाते; सर्व्हर यूटीसीवर असेल तर मजकुराच्या शेवटी '+०५:३०' लावावेच लागेल. वापरकर्ते परदेशातही असतील तर असा ठरावीक फरक पुरणार नाही, कारण अनेक देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात. तेथे स्थानिक वेळेसोबत 'एशिया/कोलकाता' यासारखे टाइमझोनचे नाव साठवावे.