‘शिकायला पाठवलं, तर आपल्याच माणसांना लाजायली’

मी समुपदेशक आहे. लातूरला मुलं शिकायला ठेवणारे पालक माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा मार्कांची किंवा मोबाइलची तक्रार घेऊन. पण अलीकडे आणखी एक काळजी वारंवार कानावर येते. मुलगा घरच्या बोलीत बोलत नाही, गावाचं नाव विचारलं तर तालुक्याचं सांगतो, आईवडिलांना हॉस्टेलवर येऊ देत नाही. पालक विचारतात, ‘आम्ही कुठं कमी पडलो?’ मुलं विचारतात, ‘मी खोटा आहे का?’ या दोन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर देता येईल अशी एक केस इथे लिहिते आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी एकोणीस वर्षांची, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. नांदेड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातला बंजारा तांडा. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे, म्हणून ती आजीजवळ वाढली. तिला घेऊन मामा आले. ‘पोरगी फोन उचलत नाय. उचललाच तर याडीशी (आईशी) बी मराठीत बोलायली. तिची आजी तिला भेटायला येणार होती, तर येऊ नका म्हणली. तुम्हीच समजावून सांगा, मॅडम.’ मुलगी खाली बघत होती. झोप लागत नाही, डोकं दुखतं, एवढंच तिने सांगितलं.

मामांना बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने ती बोलली. याडीचा फोन आला की ती गच्चीवर जाते. गच्चीवर कुणी असेल तर फोन कापते. सोशल मीडियावर आडनाव काढून तिथे वडिलांचं नाव टाकलंय. आजी फेटिया-काचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी घालते, आरशांची आणि कवड्यांची. ती हॉस्टेलच्या दारात उभी राहिली असती तर सगळ्यांना एका क्षणात कळलं असतं. ‘आजीनंच मला वाढवलं, मॅडम. आणि मी तिलाच येऊ नको म्हणले. मी किती नाटकी आहे.’

‘नाटकी’ हा शब्द मी बाजूला ठेवायला सांगितला आणि एक काम दिलं. खोलीतल्या मुली फोनवर घरी कुठल्या भाषेत बोलतात ते आठवडाभर बघून ये. ती आली तेव्हा जरा चकित होती. उदगीरची मैत्रीण आईशी दखनी उर्दूत बोलते. देगलूरकडची तेलुगूत. तिसरी बीडची, ती घरी ‘करायले, जायले’ म्हणते आणि सरांसमोर ‘करतेय, जातेय’. त्यांना कुणी नाटकी म्हणत नाही, त्या स्वतःलाही म्हणत नाहीत.

मराठवाड्यात हे नवं नाही. 1948 च्या 17 सप्टेंबरला निजामाची राजवट संपेपर्यंत इथला सरकारी कारभार उर्दूत चालायचा. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि बाजारात दखनी बोलणारे आजोबा-पणजोबा इथल्या कितीतरी घरांत होऊन गेले. माणूस बदलला की भाषा बदलणं हे आपल्या भागाचं जुनं अंगवळण आहे. त्याने कुणी खोटं ठरत नाही. तिला थकवत होती ती वेगळीच गोष्ट: कुणी ऐकेल का, कुणी बघेल का, हा अष्टौप्रहर पहारा. झोप त्यामुळेच उडाली होती.

मग पुढचा प्रश्न आला. दखनी आणि तेलुगू बोलणाऱ्या मुली खोलीत बसून बोलतात, मग हिलाच गच्चीवर का जावं लागतं? याचं उत्तर सातवीतल्या एका प्रसंगात सापडलं. वर्गात कुणाची तरी कंपासपेटी हरवली आणि फक्त तांड्यावरच्या मुलांची दप्तरं तपासली गेली. पेटी नंतर दुसऱ्याच बाकाखाली मिळाली. कुणी काही बोललं नाही. तीही घरी काही बोलली नाही.

इथे समुपदेशकाने फक्त भावनांवर बोलून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिच्या प्रमाणपत्रावर ‘विमुक्त जाती (अ)’ असं छापलेलं होतं, पण त्यामागचा इतिहास तिला कुणी सांगितला नव्हता. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा रद्द झाला 1952 साली, म्हणजे तिची आजी जन्मली त्या सुमारास. त्यातून सुटल्या त्या ‘विमुक्त’ जाती. कागदावरचा शिक्का पुसला गेला तरी गावागावातला संशय तेवढ्या लवकर गेला नाही. बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरच्या मुलखांत पोचवत; रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा तो धंदा बसला. त्याच समाजाला आज तेलंगणात अनुसूचित जमाती म्हणतात, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. तिची मावशी आदिलाबादकडे दिलेली. म्हणजे एकाच आजीच्या नातवंडांना सरकारदरबारी दोन वेगवेगळी नावं. हे ऐकताना ती पहिल्यांदा सरळ बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे त्या दिवशी दप्तर तपासलं, ते माझ्यामुळं नव्हतं.’

तिला वाटणारी शरम तिच्या घरातून आलेली नव्हती, बाहेरून अंगावर पडली होती. एवढं लक्षात आल्यावर बोलणं बरंच सोपं झालं.

खरं अवघड काम मामांबरोबर होतं. त्यांना मी सरळ विचारलं, ‘तुम्ही बाजारात कुठली भाषा बोलता?’ ‘मराठी.’ ‘अंगात काय घालता?’ ते स्वतःच्या शर्टाकडे बघून गप्प झाले. आमच्या कितीतरी घरांत, फक्त बंजारा समाजातच नव्हे, वारसा सांभाळण्याचं ओझं बायकांच्या अंगावर टाकलेलं असतं. पेहराव आजीने सांभाळायचा, तीजेच्या सणाला टोपलीत गहू पोरींनी उगवायचे, भाषा आईने टिकवायची. पुरुषाने पॅन्ट-शर्ट घातला तर तो सुधारला, आणि पोरीने मराठीत उत्तर दिलं तर ती बाटली! मामांना हे टोचलं, पण ते उठून गेले नाहीत. त्यांचा मला मनापासून आदर वाटला. थोड्या वेळाने म्हणाले, ‘आमचं पोरगं हैदराबादला हाय. त्याला तर कधी कुणी विचारलंच नाय.’

‘अभिमान बाळग, सगळ्यांना ठणकावून सांग’ असा सल्ला मी तिला दिला नाही, कुणालाच देत नाही. आडनावावरून माणूस जोखण्याचं प्रमाण आपल्याकडे इतकं वाढलंय की 2025 साली बीडच्या पोलिसांनी टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावंच काढून टाकली. अशा वातावरणात एकोणीस वर्षांच्या मुलीने छातीठोक व्हावं अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. कुणाला, कधी, किती सांगायचं हे तिने ठरवायचं. आम्ही सुरुवात एका मैत्रिणीपासून केली, उदगीरच्या. त्या मैत्रिणीची आजी अजून उर्दू वाचते हेही त्या बोलण्यात निघालं. नंतर याडीचा फोन तिने खोलीतच घेतला, गोरमाटीत, म्हणजे घरच्या बंजारा बोलीत, आवाज न दाबता. एका मुलीने ‘ही कुठली भाषा?’ म्हणून तोंड वाकडं केलं. त्या दिवशी ती रडली, पण फोन कापला नाही. कुणी जातीवरून किंवा भाषेवरून छळायलाच लागलं तर ते सोसत बसू नकोस, हेही तिला सांगून ठेवलं होतं. महाविद्यालयांसाठीच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 पासून या गोष्टी स्पष्टपणे धरल्या आहेत आणि प्रत्येक महाविद्यालयात त्यासाठी समिती असावी लागते.

पालकांना माझी एक विनंती आहे. ‘लाज वाटती का आमची?’ हा प्रश्न फोनवर विचारू नका. त्याला कबुली तरी द्यावी लागते नाहीतर खोटं तरी बोलावं लागतं, आणि दोन्हींनी पोरं लांब जातात. त्यापेक्षा ‘तिथं तुला कुणी काही बोलतं का?’ असं विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. तुमच्यावर असे प्रसंग आले असतील तर तेही सांगा. याडीने तिला सांगितलं की ऊसतोडीच्या मुकादमाने आपल्याला एकदा काय म्हटलं होतं. मायलेकींचं इतकं लांब बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

आता तिला झोप लागते. आजी दसऱ्यानंतर लातूरला येऊन गेली, तिच्या नेहमीच्याच पेहरावात. मुलीने तिला हॉस्टेलवर नेलं, पण आधी खोलीतल्या दोघींनाच सांगून. सोशल मीडियावर आडनाव मात्र तिने अजून परत लावलेलं नाही. मी त्याबद्दल विचारलं नाही, आणि मामांनाही विचारू नका म्हणून सांगितलं आहे.