शोधनिबंधाचे संदर्भ लेखक-वर्ष पद्धतीतून क्रमांक पद्धतीत नेताना सगळे पुन्हा टंकावे लागतात का?

आपला प्रश्न असा आहे: कृत्रिम वाळूच्या (दगड फोडून केलेल्या वाळूच्या) काँक्रीटवरील शोधनिबंध आपण आधी एका जर्नलसाठी लेखक-वर्ष पद्धतीने, म्हणजे मजकुरात कंसात नाव व वर्ष देऊन, लिहिला होता. तेथे तो स्वीकारला गेला नाही. आता तो एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या ‘कन्स्ट्रक्शन अँड बिल्डिंग मटेरियल्स’ या जर्नलकडे पाठवायचा असून तेथे चौकटी कंसातील क्रमांक लागतात. अशा वेळी ५६ संदर्भ हाताने पुन्हा लिहायचे का?

नाही, परंतु एकदा मेहनत करावी लागेल, आणि ती स्वल्पविरामांवर न करता नोंदींवर करावी, असे माझे मत आहे. संदर्भसूचीचे बाह्य रूप संगणक काही क्षणांत बदलतो. लेखकाचे आडनाव, वर्ष, खंड, पृष्ठे आणि प्रकाशनाचा प्रकार हा मजकूर मात्र आपण दिला तसाच तो छापतो. परीक्षकाच्या नजरेत खुपणाऱ्या बहुतेक चुका या मजकुरातल्या असतात.

झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी सांभाळणारे विनामूल्य साधन घ्यावे. त्यात प्रत्येक लेखाचा डीओआय, म्हणजे १० या आकड्याने सुरू होणारा लेखाचा कायम क्रमांक, टाकला की नोंद आपोआप तयार होते. त्यानंतर वर्डमधील हस्तलिखितात जेथे जेथे कंसात नाव व वर्ष टंकले आहे, तेथे ते पुसून झोटेरोच्या बटणाने तोच संदर्भ घालावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि ५६ संदर्भांना दोन संध्याकाळी सहज जातील. पण पुढे पद्धत बदलायची झाली तर दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये केवळ शैलीचे नाव बदलावे लागते. आपण लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरत असाल तर बिबटेकची, म्हणजे तिच्या संदर्भनोंदींची, फाइल तीच राहते आणि शैलीची फाइल तेवढी बदलते. एल्सेव्हिअरच्या जर्नलांसाठी एलसआर्टिकल या साच्याबरोबर क्रमांक पद्धतीची शैली मिळते.

गूगल स्कॉलरवरील ‘साइट’ बटणावरून ओळी उचलून चिकटवण्याचा मोह बहुतेकांना होतो. तेथे एपीए, एमएलए, शिकागो, हार्वर्ड आणि व्हँकूव्हर अशी रूपे मिळतात. आपल्याला हवे असलेले रूप त्यांत असेलच असे नाही, आणि तेथील नोंदीत बहुधा डीओआय नसतो. लेख शोधण्यासाठी स्कॉलर उत्तम आहे. नोंद मात्र डीओआयवरूनच घ्यावी.

आता जेथे खरोखर थांबून पाहावे लागते त्या जागा. पहिली म्हणजे भारतीय मानके. मानकाचा लेखक ही व्यक्ती नसून संस्था आहे, हे साधनाला सांगावे लागते. झोटेरोमध्ये नावाचे दोन रकाने मिटवून एकच करावा आणि बिबटेकमध्ये संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसात टाकावे. तसे न केल्यास ‘ब्यूरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स’चे ‘बी. ऑफ इंडियन स्टँडर्ड्स’ होते आणि ब्यूरो हे कोणा गृहस्थाचे नाव असल्यासारखे दिसते. मी हे छापून आलेल्या निबंधांतही पाहिले आहे.

त्याहून गंभीर बाब आवृत्तीच्या वर्षाची आहे. आपला विषय कृत्रिम वाळूचा आहे. आयएस ३८३ या भारतीय मानकाची १९७० ची आवृत्ती शीर्षकातच ‘नैसर्गिक स्रोतांपासून मिळालेले’ जाडे व बारीक समुच्चय (काँक्रीटमधील खडी व वाळू) असे म्हणते, तर २०१६ च्या आवृत्तीने ती मर्यादा काढून कृत्रिम समुच्चयांनाही कक्षेत घेतले. कोणाच्या तरी जुन्या प्रबंधातून १९७० ची ओळ उतरवून घेतली असेल, तर जाणता परीक्षक ती केवळ मांडणीची चूक मानणार नाही. आपण मानक उघडून पाहिले नाही, असा अर्थ तो काढील. मिश्रण-रचनेच्या आयएस १०२६२ बाबतही २००९ आणि २०१९ यांपैकी प्रयोगात प्रत्यक्ष कोणती आवृत्ती वापरली, तीच लिहावी. मुखपृष्ठावर पुनर्पुष्टीचे, म्हणजे तेच मानक पुढेही लागू ठेवल्याचे, वर्ष छापलेले असते. ते आवृत्तीचे वर्ष नव्हे.

दुसरी जागा आपल्याकडील नावांची. महाराष्ट्रात परीक्षेच्या अर्जापासून आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव लिहिण्याची सवय आहे, आणि कित्येक लेखक निबंधावरही नाव त्याच क्रमाने देतात. माहितीसंच (डेटाबेस) शेवटचा शब्द आडनाव समजतो, त्यामुळे ‘पाटील’ हे आद्याक्षर होऊन बसते आणि वडिलांचे नाव आडनाव म्हणून सूचीत येते. दाक्षिणात्य नावांतील आद्याक्षरांचाही असाच घोळ होतो. भारतीय लेखकांच्या नोंदी मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहाव्यात. ओळख पटत नसेल तर लेखकाचे ऑर्किड (संशोधकांना मिळणाऱ्या ओळख-क्रमांकाचे) पान पाहावे.

तिसरी जागा ‘ऐकीव’ संदर्भांची. पाणी-सिमेंट गुणोत्तराचा उल्लेख आला की काँक्रीटचे अमेरिकी संशोधक डफ अब्रॅम्स यांचे १९१८ चे लेखन जवळपास सगळेच उद्धृत करतात. ते उघडून पाहणारे थोडे. ते जर्नलमधील लेख नसून शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधील प्रयोगशाळेची पहिली पुस्तिका आहे. त्यामुळे त्याची नोंद ‘अहवाल’ या प्रकारात करावी. जर्नल-लेख या प्रकारात ती टाकली तर खंड-अंकाचे रकाने रिकामे राहतात आणि कोणीतरी ते अंदाजाने भरतो. आता चॅटजीपीटीसारख्या संवादी यंत्रांकडून संदर्भ मागण्याची पद्धत पडते आहे. ती यंत्रे अस्तित्वात नसलेला लेखही खऱ्यासारखा रचून देतात. ज्याचा डीओआय उघडत नाही आणि जो ग्रंथालयातही सापडत नाही, तो संदर्भ काढून टाकावा.

किरकोळ गोष्टी लवकर उरकतात. शीर्षके साठवताना वाक्यासारखी, म्हणजे पहिले अक्षर तेवढे मोठे ठेवून साठवावीत. बिबटेकमध्ये जीजीबीएससारखी (झोतभट्टीच्या मळीची दळलेली पूड) संक्षिप्त रूपे महिरपी कंसात ठेवावीत, नाहीतर काही शैली त्यांची अक्षरे लहान करतात. नव्या लेखांना अनेकदा पृष्ठक्रमांक नसतात, लेखक्रमांक असतो. तेथे ‘१ ते १२’ असे काल्पनिक काही लिहू नये.

पद्धत बदलल्यावर वाक्ये मात्र आपोआप सुधारत नाहीत. ‘पाटील (२०१८) यांनी दाखवले’ येथे साधन सगळेच बदलून टाकते आणि ‘[७] यांनी दाखवले’ असे विचित्र वाक्य उरते. तेथे नाव हाताने घालून पुढे क्रमांक ठेवावा लागतो. लेखक-वर्ष पद्धतीत एकाच लेखकाच्या त्याच वर्षीच्या लेखांना जोडलेली अ, ब ही अक्षरे हाताने टंकली असतील, तर तीही शोधून काढावीत.

एल्सेव्हिअरची पुष्कळ जर्नले पहिल्या सादरीकरणाच्या वेळी संदर्भ कोणत्याही पद्धतीत स्वीकारतात, ते सर्वत्र एकसारखे असले की पुरे. जर्नलच्या लेखक-सूचनांत हे आधी वाचावे. तसे असेल तर वाचलेला वेळ वरील पडताळणीला द्यावा.

मी स्वतः एकदा क्रमांक हाताने टाकले होते. शेवटच्या रात्री प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढवला आणि नवव्यापासून पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले. परीक्षकाने शांतपणे लिहिले की चौदाव्या संदर्भात आपण म्हणता त्यातले काहीही नाही. म्हणून सादर करताना झोटेरोच्या जोडण्या काढून साधा मजकूर केलेली प्रत द्यायची असली, तरी झोटेरोशी जोडलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी. दुरुस्तीच्या फेरीत परीक्षक दोन-तीन संदर्भ वाढवायला सांगतातच, आणि तेव्हा हीच फाइल लागते.