बिनसाखरेचा मसाला चहा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: साखर बंद केल्यापासून चहा काढ्यासारखा कडू लागतो. गोडाशिवाय तो चांगला होऊ शकतो का? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर: होतो, ताई, अगदी छान होतो. कडूपणा आधीही होताच, साखर तो झाकत होती. आपल्याकडे दूध, पाणी, पूड सगळं एकदम घालून रंग येईस्तोवर उकळतात. पूड जास्त उकळली की तुरटपणा उतरणारच. म्हणून मसाला आधी आणि पूड शेवटी.

दोन कपांसाठी सव्वा कप पाणी घ्या. त्यात अर्धा चमचा बडीशेप आणि दोन वेलदोडे सालीसकट ठेचून घाला, दालचिनीचा छोटा तुकडा आणि थोडं आलंही घाला. खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला गेलात की ‘लीली चा’ची, म्हणजे आपल्या गवती चहाची जुडी आणा. तिची दोन पाती गाठ मारून पातेल्यात सोडा. झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. बडीशेपेचा आणि वेलदोड्याचा वास जिभेला गोडाचा भास देतो, त्यामुळे या चहात त्या दोघांना वगळू नका. लवंग-मिरे मात्र कमी, नाहीतर नुसता तिखटपणा राहतो.

आता चमचाभर पूड घाला आणि मिनिटभरच उकळू द्या. मग वेगळं तापवलेलं पाऊण कप दूध ओता, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करून दोन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. साखर एकदम तोडणं जमत नसेल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ रुळते.

प्रश्न: ह्यांना मधुमेह आहे. साखरेऐवजी गूळ घातला तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. मधाचंही तेच. रोज तीन कप, कपाला दोन चमचे, असा हिशोब धरला तर जवळपास ३० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून घातलेली साखर दिवसभरात साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. शिवाय दुधाची स्वतःची साखर असतेच: १०० मिलीत पाचेक ग्रॅम. तेव्हा बिनसाखरेचा म्हणून यजमानांना दिवसभर कपावर कप देऊ नका.

प्रश्न: आलं घातलं की दूध फाटतं. दूध तर ताजं असतं.

उत्तर: दोष दुधाचा नसावा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, त्याने दूध नासतं. आलं आधी पाण्यात खळखळून उकळलं की हे विकर निकामी होतं. तापलेल्या दुधात वरून आलं किसून घालू नका, एवढं सांभाळा.

प्रश्न: गोडीसाठी ज्येष्ठमध घातला तर? सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर: त्यांच्या कपात अजिबात नको. रोजच्या ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. ‘घरगुतीच तर आहे’ म्हणून हे बिनधास्त घेतलं जातं, त्याची मला खरंच काळजी वाटते. त्यांना बडीशेप-वेलदोड्याचाच चहा द्या.

प्रश्न: मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. जेवणानंतर लगेच चहा घेते.

उत्तर: ती सवय मोडा. चहातल्या टॅनिनमुळे पालेभाजी-डाळीतलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर हवं. लोहाची गोळी चालू असेल तर तीही चहाबरोबर घेऊ देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या.