वीस गुण घोकण्याआधी भेंडी चिर

आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला गुर्वादी वीस गुण (गुरु-लघु म्हणजे जड-हलका, अशा उलटसुलट गुणांच्या दहा जोड्या) सगळेच घोकतात. मग व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ‘पिच्छिल म्हणजे काय रे?’ विचारलं की बोबडी वळते. माझीही वळली होती. त्यापेक्षा स्वयंपाकघरात जा. भेंडी चिरताना बोटांना जी तार सुटते, ते पिच्छिल. राखेनं घासलेल्या ताटावर बोट करकरतं, ते त्याच्या उलट, विशद. दहाही जोड्या अशा हातानं ओळखायला शीक.

फसगत होते ती शीत-उष्णात. दही फ्रिजमधलं गारेगार असलं तरी वीर्यानं, म्हणजे शरीरावरच्या परिणामानं, उष्णच. तूप नि तिळाचं तेल दोन्ही स्निग्ध, पण तूप शीत, तेल उष्ण. आणि ‘सर’ हा स्थिराच्या उलट गुण आहे, शिकवणारे सर नव्हेत!